शाळेत जागा नाही, असं सांग

हॅम्बर्ग, १७ मे २०२६

ती. आईस,
ऊर्मिलाचा साष्टांग नमस्कार, आणि विमानतळावर घाईत राहून गेलेली एक मिठी.

तू सिक्युरिटीच्या रांगेत दिसेनाशी झालीस आणि मी तशीच एस-बान पकडून घरी आले. पोचल्या पोचल्या लिहायला बसलेय, म्हणजे तू जीमेईला उतरशील तेव्हा वाचायला काहीतरी असेल. आपला ठराव लक्षात आहे ना? कागदावर लिहायचं, फोटो काढायचा, मेल करायचा. फोनवर तुला धड ऐकू येत नाही, कानातलं यंत्र घालायचा तुला कंटाळा, आणि त्या घरात सगळ्यांसमोर आपण दोघी बोलणार तरी काय! मराठी अक्षर तिथे कुणाला लागत नाही. तेव्हा मनात येईल ते सगळं लिही.

माझी मनातल्या मनात सारखी उजळणी चालू असते. जानेवारी २०२०. चिनी नववर्षाला तीन आठवडे तिकडच्या आजी-आजोबांकडे, म्हणून मिंगयुआन आमच्या अन्वीला घेऊन गेला तेव्हा ती पावणेचार वर्षांची होती. मग सीमा बंद झाल्या. तीन आठवड्यांची तीन वर्षं झाली. त्याचे वडील गेले, त्याने तिथल्याच जहाजविद्येच्या कॉलेजात नोकरी धरली, आणि आमचा संसार फोनवरच संपला. सीमा उघडल्या त्याच वसंतात मला ती गाठ लागली. तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं, मी बरी होईपर्यंत तिला तिकडेच ठेव, माझं टक्कल तिला बघायला नको. म्हणजे दोष कुणाला द्यायचा? मी खूप शोधलं, कुणी सापडत नाही.

पण आता मी बरी आहे, आई. रिपोर्ट तू स्वतः पाहिलास. डॉक्टरांनी सप्टेंबरपर्यंत लांबचं विमान नको म्हटलंय, नाहीतर तुला पाठवलंच नसतं. शिक्षणखात्यात तीनदा टेर्मिन घेऊन भेटल्यावर आणि एक भांडण झाल्यावर अन्वीला शाळेत जागा मिळालीय. आधी वर्षभर परदेशातून आलेल्या मुलांचा जर्मनचा वर्ग, मग पुढे. तिची खोली पिवळी रंगवून घेतली. मिंगयुआनने मेलमध्ये स्वच्छ लिहिलंय, की अन्वीला स्वतःला यायचं असेल तर तो अडवणार नाही. तिचा पासपोर्टही तयार आहे. तू फक्त तिला विचार आणि घेऊन ये.

आणि कस्टमवाल्यांना मेतकूट म्हणजे काय ते जर्मनमध्ये समजावत बसू नकोस. चीन आहे तो.

आहे तेवढी माया असू दे, थोडी अन्वीसाठी राखून ठेव.
तुझी,
ऊर्मिला


जीमेई, २२ मे

चि. ऊर्मिलास,
आजवर दिलेले आणि देऊन उरलेले सगळे आशीर्वाद.

सुखरूप पोचले. मेतकुटाला कुणी हात लावला नाही.

शियामेन हे बेट आहे, आणि जीमेई त्याच्या पलीकडच्या किनाऱ्यावर. मिंगयुआन मला मेट्रोने घेऊन आला. गाडी एका जागी चक्क समुद्रावरून जाते. दोन्हीकडे पाणी, त्यात पांढरे बगळे, आणि समोर हळूहळू लाल-हिरव्या कौलांची टोकं वर येतात. उतरायच्या स्टेशनचं नावच मुळी 'शाळांचं गाव' असं आहे. मला वाटलं मिंगयुआन गंमत करतोय, पण खरंच तसं आहे. इथलाच एक माणूस सिंगापूरला गेला, रबराच्या धंद्यात मोठा झाला, आणि सगळी मिळकत गावात शाळा बांधण्यात घातली. बालवाडीपासून कॉलेजापर्यंत सगळं. शंभराहून जास्त वर्षं झाली, अजून भरतात. इमारती खाली साहेबी, खांब आणि कमानींच्या, वर मात्र कोपरे वळवलेली चिनी कौलं. आपली अन्वी म्हणते, की इथल्या शाळा अंगात कोट आणि डोक्यावर शेतकऱ्याची टोपी घालतात. ते सगळ्याच पोरांना शिकवलेलं असतं म्हणे, पण ती म्हणाली तेव्हा मला तिनेच शोधून काढल्यासारखं वाटलं.

ती माझ्या खांद्याला लागते. हनुवटी तुझी. दारात उभी राहून दोन्ही हात जोडून नमस्कार आजी म्हणाली, आणि लगेच बापाकडे बघितलं, बरोबर आलं का म्हणून. रोज दुपारी शाळा सुटल्यावर ती मला एकेक इमारत दाखवते. तळ्यात होड्यांच्या शर्यतीचा सराव चालतो तो दाखवला. तिचा स्वतःचा वर्ग दाखवला, खिडकीतून समुद्र दिसतो.

विहीणबाई, म्हणजे अन्वीची आमा, शाळेत शिकवून निवृत्त झाल्यात. मी शाकाहारी आहे हे समजल्यावर त्यांनी न सांगता नवी कढई आणली आणि तिला लाल दोरा बांधून ठेवलाय, चुकून दुसरं काही त्यात पडू नये म्हणून. सकाळी शेंगदाण्याचं गोड सूप देतात. छान लागतं.

बाकी सगळं ठीक. औषधं वेळेवर घे.

आईवर रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी आई


हॅम्बर्ग, २६ मे

ती. आईस,
नमस्कार, आणि किंचित तक्रार.

पत्र चार वेळा वाचलं. त्यात शाळा सगळ्या आल्या, माझी मुलगी तेवढी आली नाही. तू अशी कधीपासून लिहायला लागलीस? हॅनोव्हरच्या शेजारणीबद्दल दोन पानं लिहिणारी बाई तू! कौलांची टोकं ठीक आहेत, मला हे सांग : ती झोपताना अजून अंगठा मुठीत धरते का? वरणभात खाल्ला का? मी पाठवलेला निळा रेनकोट झाला का तिला? माझा विषय निघाला की तिचा चेहरा कसा होतो? दर रविवारी व्हिडिओवर बोलते, पण तिच्या शाळेतल्या इंग्रजीत. शाळा ठीक, जेवण ठीक, हवा ठीक. वीस मिनिटं झाली की तिची नजर घड्याळाकडे जाते. मुलांना फोनवर बोलता येत नाही, हे मी स्वतःला दर रविवारी सांगते. समोर असली की वेगळं होईल.

आणि मुख्य म्हणजे, विचारलंस का? विचारलं असशील तर ती काय म्हणाली? नसेल विचारलं तर का नाही? तुझं परतीचं विमान सोळाला आहे. तिचं तिकीट मला त्याच विमानाचं हवंय.

कामावर मी पुन्हा पूर्ण वेळ सुरू झालेय. केस आता कानाखाली आलेत. तिला सांग, की आई आता फोटोतल्यासारखी दिसते.

उत्तर लवकर देण्याइतकी तरी माया कर.
तुझी,
ऊर्मिला


जीमेई, १ जून

चि. ऊर्मिलास,
अनेक आशीर्वाद, आणि तक्रार मान्य.

तू विचारलंस त्याची उत्तरं देते. अंगठा मुठीत धरते की नाही ते माहीत नाही, ती आमाजवळ झोपते. वरणभात खाल्ला, दोन घास, माझ्याकडे बघत, मग पाणी प्यायली. रेनकोट आखूड झाला, पण मी आल्यापासून ती तोच घालते.

तिला मराठी येत नाही, ऊर्मी. तो पाठ केलेला नमस्कार सोडला तर एक शब्दसुद्धा नाही. तुला माहीत होतं, मला पण माहीत होतं, तरी मला वाटलं होतं की मी समोर बसून बोलले की कुठून तरी वर येईल. तिला पाळण्यात घालून मी जे जे बोलायचे ते सगळं बोलून बघितलं. ती लक्ष देऊन ऐकते आणि हसते. मिंगयुआन घरी नसला की आम्ही मोबाइलवरच्या भाषांतराने बोलतो. मराठीत त्या यंत्राची फार गडबड होते, मी तिला बाळ म्हटलं तर ते केस असं सांगतं. म्हणून मी जर्मनमध्ये बोलते. माझ्या नातीशी मी जर्मन बोलते, काय सांगू तुला.

परवा शनिवारी तिने मला समुद्रकाठच्या एका बागेत नेलं. त्या शाळा बांधणाऱ्या माणसाची समाधी तिथे आहे, कासवाच्या पाठीसारखी. भोवती सगळ्या भिंतींवर दगडात कोरीव चित्रं : जनावरं, फळं, यंत्रं, जुन्या गोष्टी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी बघून शिकावं म्हणून. ती एकेका चित्रासमोर उभी राहून मला शिकवत होती. मी खरंच तिथली अडाणी बाई होते. मग आम्ही बाकावर बसलो आणि मी विचारलं. आईकडे हॅम्बर्गला येशील का, असं सरळ.

मग तिने मोबाइल मागितला, काहीतरी लिहिलं, आणि मला वाचायला दिला. मी गेले नाही तर आई पुन्हा आजारी पडेल का, असं तिने विचारलं होतं. मी म्हटलं, छे, आजाराचा आणि त्याचा काही संबंध नाही. त्यावर ती म्हणाली, की ती येईल. ठीक आहे, मी जाईन. एवढंच, आणि मला हाताला धरून पुढच्या भिंतीकडे घेऊन गेली, कारण चित्रं राहिली होती.

मिंगयुआनला तिने स्वतः सांगितलं. तो म्हणाला, की शब्द दिलाय तो पाळेन. अजून मला आईच म्हणतो, अवघडून.

आणखी एक सांगायचंय, ते तू नीट वाच. इथे चौथीतली पोरं वसंतात रेशीमकिडे पाळतात. अन्वीकडे एक पुठ्ठ्याचं खोकं होतं, त्यात तीस-एक किडे. रोज तुतीची पानं पुसून घालायची. काल तिने ते खोकं शेजारच्या मुलीला देऊन टाकलं, पानं कधी, किती, कशी पुसायची ते सगळं कागदावर लिहून. त्याआधी पुस्तकं दिली, सायकल दिली. रडली नाही, कुरकुरली नाही. माझं मन काही ठिकाणावर नाही.

लोभ आहेच, तो वाढव असं आज म्हणवत नाही.
तुझी आई


हॅम्बर्ग, ३ जून

ती. आईस,
शंभर नमस्कार!

येते म्हणाली! आई, ती येते म्हणाली, आणि तू ते वाक्य पत्राच्या मधोमध, दगडी फळांच्या आणि रेशीमकिड्यांच्या मध्ये ठेवून दिलंस! मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं आणि तिथेच मोठ्याने रडले. एक सहकारी कॉफी घेऊन आला, त्याला वाटलं पुन्हा रिपोर्ट वाईट आला.

तिचं तिकीट काढलं. १६ जून, तुझ्या शेजारची खिडकी. शाळेला कळवलं. पलंग शुक्रवारी येतोय.

आता तुझ्या त्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल. समजतं मला तुला काय म्हणायचंय. ती मनापासून येत नाहीये, असंच ना? आई, ती दहा वर्षांची आहे. दहा वर्षांच्या मुलीने किडे वाटून टाकले म्हणून तिचं आयुष्य ठरवायचं का? तू माझी आई आहेस की त्यांची? मला मुलगी आहे हे मी सहा वर्षं लोकांना फोटो दाखवून पटवतेय.

आणि हे तू सांगतेस? मला तू कराडहून आणलंस तेव्हा विचारलं होतंस का? बाबांना हॅनोव्हरला नोकरी लागली, तुम्ही दोघं गेलात, मी चार वर्षांची. एक वर्षासाठी म्हणून मला कुमुदमावशीकडे ठेवलंत, त्याची पाच वर्षं झाली. मग एक दिवस आलीस आणि घेऊन गेलीस. रडले असेन थोडे दिवस. झाले की नाही मी नीट? जर्मन शिकले, इंजिनीअर झाले. आणि जिच्या कुशीत पाच वर्षं झोपले त्या मावशीने मला एक पत्रसुद्धा टाकलं नाही. मुलं विसरतात, मोठी माणसंही विसरतात. अन्वीची आमाही विसरेल. तू उगाच जीव जाळू नकोस, तिला घेऊन ये.

माझ्यावर माया असेल तर या वेळी फक्त माझी बाजू घे.
तुझी,
ऊर्मिला


जीमेई, ६ जून

चि. ऊर्मिलास,
आशीर्वाद. हे पत्र बसून वाच.

तीन दिवस पेन हातात घेऊन ठेवतेय. तुझं ते एक वाक्य आलं नसतं तर बहुतेक मी मरेपर्यंत बोलले नसते.

कुमुद तुला विसरली नव्हती. तिने तुला पत्रं लिहिली. तू हॅनोव्हरला आलीस त्या आठवड्यापासून दर आठवड्याला एक, वर्षभराहून जास्त. मग पंधरा दिवसांनी एक. मग थांबली. ती पत्रं मी तुला दिली नाहीत.

तुला थोडे दिवस रडल्याचं आठवतं. तू रडली नव्हतीस. रडली असतीस तर मला कळलं असतं काय करायचं. तुला मी पुण्याला आठ दिवस जायचं असं सांगून कराडहून काढलं होतं. कुमुद स्टँडवर येते म्हणाली तर तिलाही मी नको म्हटलं, ती रडेल आणि तू बिथरशील म्हणून. हॅनोव्हरला आल्यावर तू दोन महिने माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस. बाबांशी बोलायचीस, माझ्याशी नाही. दुपारी बूट-मोजे घालून दाराशी जाऊन बसायचीस, आठ दिवस संपले का हे बघायला. त्यातच कुमुदचं पहिलं पत्र आलं. मी ते वाचलं. त्यात काही वाईट नव्हतं. तुझ्या शाळेतल्या मैत्रिणींची नावं होती, तिच्या शिवणाच्या क्लासमधल्या बायका तुझी चौकशी करतात असं होतं, आणि शेवटी तुझा फ्रॉक दोरीवर वाळत राहिला होता तो तिने धुऊन इस्त्री करून ठेवलाय, असं होतं. मला वाटलं हे वाचलं तर ही पोरगी इथे कधीच रुजणार नाही. चार दिवस थांबू म्हणून ठेवलं. मग दुसरं आलं. मग देणं अवघड होत गेलं, कारण आधीचं का दिलं नाही हे सांगावं लागलं असतं.

तू रुजलीस. मी म्हटलं, बघा, मी बरोबर होते. तू सोळा वर्षांची असताना आपण पुण्याला गेलो, कुमुद कराडहून तुला भेटायला आली, आणि तू तिच्याशी हात मिळवलास आणि आतल्या खोलीत पुस्तक वाचत बसलीस. ती चहा न घेता गेली. जाताना मला म्हणाली, की ऊर्मीला माझा राग आला असेल, मी एवढी पत्रं टाकली, एकालाही उत्तर नाही. तेव्हासुद्धा मी तोंड उघडलं नाही. पुढे चार वर्षांनी ती गेली. तू आली नाहीस, आणि तुला दोष देण्याचा मला हक्क नव्हता.

ऊर्मी, मी अन्वीकडे बघते तेव्हा मला दाराशी बूट घालून बसलेली तू दिसतेस. फरक एवढाच, की तुला मी खोटं सांगून आणलं, आणि ही सगळं समजून, तुझा जीव वाचवायला म्हणून निघालीय.

काल विहीणबाईंनी मला हाताला धरून खोलीत नेलं आणि अन्वीची बॅग उघडून दाखवली. त्यांनी स्वतः भरलीय. इथे घामाच्या धारा लागल्यात आणि त्या कुठून कुठून शोधून लोकरीचे पायमोजे, जाड टोपी, दोन मापांचे स्वेटर घेऊन आल्या, पुढच्या वर्षीचाही. मोबाइलवर त्यांनी मला विचारलं, हॅम्बर्गला थंडी किती पडते, एवढं पुरेल का. मी पुरेल म्हटलं. त्यांनी एकेक कपडा काढून पुन्हा घडी घातली. त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आता ऐक. तू आण म्हणालीस तर मी सोळा तारखेला तिला घेऊन येईन, एक शब्द बोलणार नाही. तू तिची आई आहेस, आणि तू जे सोसलंस ते मी जवळून पाहिलंय. पण ठरवशील ते सगळं माहीत असून ठरव. मला तो मान कुमुदला देता आला नाही, तुला देता आला नाही.

लोभाचं आज काही मागत नाही.
आई


हॅम्बर्ग, १० जून

आई,

ती पत्रं कुठे आहेत?

चार दिवस मी तुला लिहिलं नाही कारण जे लिहिलं ते सगळं फाडावं लागलं. मला आत्ता तुला क्षमा करता येत नाही. पुढे येईल का, ते ठाऊक नाही. पुण्याला मावशी बाहेरच्या खोलीत माझी वाट बघत बसली होती, आणि मी पुस्तक वाचत नव्हते, आई. मी तेच एक पान धरून बसले होते. ती आत येऊन मला विचारेल म्हणून थांबले होते. तिलाही तेच वाटत असणार.

पलंग आला. जोडून झाला. मी त्यावर बसून बघितलं.

काल ऑफिसातून लवकर निघून मी फेरीबोटीने उगाचच बंदरातून एक चक्कर मारली. समोर एक बाई लहान मुलीच्या तोंडात ब्रेडचा तुकडा घालत होती आणि मुलगी नको नको म्हणत होती. मुलगी हट्टी होती, किंचाळत होती, आईला चापट्या मारत होती. अन्वीने मला कधीच नको म्हटलेलं नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. पाहुण्यांना नको म्हणायचं नसतं.

तिला आणू नकोस.

पण तिला असं सांगू नकोस की आईने ठरवलं. ती म्हणेल आईला मी नकोशी झाले. आणि तिला तिथेच राहायचंय म्हणून आणत नाही, असंही सांगू नकोस, मग आयुष्यभर तिला वाटेल की तिच्यामुळे माझं वाईट झालं. शाळेत जागा नाही, असं सांग. जागा मिळणार होती, मिळाली नाही, जर्मनीतल्या ऑफिसांचं असंच असतं, कुणाचाच दोष नाही. आईला वाईट वाटलं पण आई ठणठणीत आहे, हे दोनदा सांग. मिंगयुआनला कळेल. त्याला म्हणावं, तसंच भाषांतर कर.

ऊर्मिला


जीमेई, १२ जून

चि. ऊर्मिलास,
आशीर्वाद, तुला हवे असोत नसोत.

पत्रं हॅनोव्हरला केलरमध्ये, तळघरात आहेत, बाबांच्या फायलींच्या मागे, कुमुदनेच शिवलेल्या एका निळ्या कापडी पिशवीत. मी एकही टाकलं नाही. घराची दुसरी किल्ली तुझ्याकडे आहेच.

तू सांगितलंस तसं सांगितलं. सकाळी सगळे नाश्त्याला बसलो होतो. मी जर्मनमध्ये म्हणाले, की शाळेत जागा नाही. मिंगयुआन माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने अन्वीला चिनीत सांगितलं, सावकाश, एकदाही न अडखळता. आईला वाईट वाटलं, पण आई ठणठणीत आहे. हे मी दोनदा म्हणाले, त्याने दोनदा सांगितलं.

अन्वीने आधी तोंड पाडलं. मला वाटतं ते माझ्यासाठी होतं. मग विचारलं, की पुढच्या वर्षी मिळेल का. मी म्हटलं, सांगता येत नाही. तिने मान डोलावली, वाटीतलं संपवलं, वाटी धुऊन ठेवली, आणि जरा बाहेर जाऊन येते म्हणाली. यंत्र कानात नव्हतं, तरी मला तिची पावलं ऐकू आली. पहिल्या मजल्यापर्यंत एकेक पायरी उतरली. मग दोन-दोन.

खिडकीतून बघितलं तर ती शेजारच्या मुलीचं दार वाजवत होती.

मिंगयुआन उठून माझ्या पाया पडला, हॅम्बर्गला लग्नात पडला होता तसा, आणि कॉलेजला गेला. विहीणबाईंनी खूप वेळाने मोबाइल पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, की जर्मनीत शाळांना जागा कमी असतात हे मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं शिकवलेली बाई ती, तिला कोण फसवणार. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि मग इतका वेळ न रडलेल्या आम्ही दोघी म्हाताऱ्या त्या लाल दोऱ्याच्या कढईसमोर उभ्या राहून रडलो. नंतर त्यांनी मला खुणेने विचारलं, ऊर्मिलाला स्वेटर कुठल्या मापाचा लागतो. मी हाताने दाखवलं.

मी सोळाला निघते. हॅनोव्हरलाच जाईन. तुला तोंड दाखवायची घाई करणार नाही.

मनाच्या कोपऱ्यात कुठे उरली असेल तर माझी जागा राहू दे.
तुझी आई


हॅम्बर्ग, १५ जून

ती. आईस,
नमस्कार.

शनिवारी हॅनोव्हरला जाऊन पिशवी आणली. त्रेसष्ट पत्रं आहेत. मी आजपर्यंत पाच वाचली. तुझा राग येतो, आणि मग पुढचं वाचायला घेतलं की राग बाजूला राहतो आणि नुसती मावशी येते. बाकीच्यांबद्दल तू मला काही विचारू नकोस. वाचून झालं की मीच बोलेन.

उद्या तुझं विमान उतरेल तेव्हा मी हॅम्बर्गलाच न्यायला येते. हॅनोव्हरला जाऊ नकोस. गाडीत कदाचित बोलणार नाही, ते चालवून घे. पिवळ्या खोलीत पलंग आहे, त्यावर तू झोप. दुसरं कोण झोपणार आहे.

एक सांगायचं म्हणून लिहायला बसले. काल रविवार होता, पण नेहमीची वेळ व्हायच्या आधी, दुपारी जेवत असताना फोन वाजला. अन्वीने स्वतः केला होता. सहा वर्षांत पहिल्यांदा. तिच्याकडे संध्याकाळ होती, केस ओले होते. ती बोलायला लागली, आई, ते थांबेचना. इंग्रजी, मधेच चिनी, मला निम्मं कळत नव्हतं. मैत्रिणीशी भांडण झालंय. गणिताच्या बाई तिला आवडत नाहीत, त्या बाईंची नक्कल करून दाखवली. शुक्रवारी होड्यांची शर्यत आहे, ती आमाच्या खांद्यावर चढून बघणार म्हणते, आमा मोडेल की ग! रेनकोट आखूड झालाय, तो दुसरा पाठव, निळा नको, निळा तिला कधीच आवडत नव्हता. आई, निळा नको म्हणाली ती मला. मी पेन शोधत होते आणि हसत होते आणि डोळे पुसत होते. एक तास आणि सात मिनिटं. घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही तिने. आता मी तिला न्यायला येणार नाही, हे तिला पक्कं कळलंय, म्हणून ती माझ्याशी बोलली. हे मला आधी कळलं असतं तर, असं मी म्हणणार नाही. आधी कळण्यासारखं नव्हतं ते.

फोन ठेवायच्या आधी तिने विचारलं, की मी खरंच ठणठणीत आहे ना. मी केस पुढे करून दाखवले. तिने स्क्रीनजवळ येऊन नीट बघितले, डॉक्टर बघतात तसे. मग चिनीत आईला म्हणतात तसं म्हणाली, ओके, मामा, आणि आमाने जेवायला हाक मारली म्हणून पळाली. फोन बंद करायला विसरली. मला तिकडचं छत दिसत होतं, आणि वाट्यांचे आवाज, ती हसतेय, आमा काहीतरी रागावतेय. त्यांचं जेवण होईपर्यंत मी तशीच बसून राहिले.

उद्या लोकरीचं काहीतरी घालून ये, इथे पाऊस आणि गार वारा आहे.
लोभ आहे. दुखतो, पण आहे.
तुझी,
ऊर्मी